शेवटच्या डब्याचा दिवा

एकदा एका गावावर साथ आली आणि गावाचा आवाज गेला.

ते गाव रेल्वेचं होतं. तिथली माणसं शिट्टीवर उठत, शिट्टीवर जेवत आणि गाडी उशिरा आली तर एकमेकांना कारण विचारत. साथ पसरली तशा गाड्या बंद झाल्या. चकाकणाऱ्या रुळांवर तांबूस गंज चढला. दुपारी कावळे रुळांवर ओळीनं बसू लागले आणि त्यांना उठवायला कोणी येईना. ज्या घरांत कोणी उरलं नव्हतं त्यांची दारं वाऱ्यानं उघडझाप करीत. तेवढाच आवाज.

स्टेशनालगतच्या घरात एक निवृत्त स्टेशनमास्तर राहत. वयोवृद्ध, मितभाषी. त्यांच्या डोक्यावरची जुनी काळी टोपी कोणी उतरलेली पाहिली नव्हती. गावात कोणाचा वाद झाला, कोणाचं मन उडालं, तर माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. एक तरुण शिक्षक त्यांच्याकडे शिष्य म्हणून राहत होता. शाळेत त्याने पुस्तकं शिकवली होती, पण माणसांना धीर कसा द्यावा हे त्याला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

मास्तरांची मुलगी जिल्ह्याच्या इस्पितळात परिचारिका होती. जावई जहाजावर, दूरच्या बंदरात अडकलेला. साथ वाढल्यावर मुलीने आपली दोन मुलं, वेणू आणि केदार, वडिलांकडे आणून सोडली. कुंपणापाशी उभी राहून ती म्हणाली, "काम संपलं की येते." आणि मुलांना जवळ न घेताच निघून गेली.

मुलं गप्प झाली. पुढे पुढे ती एकमेकांशीही कुजबुजत बोलू लागली, जणू घरात कोणी झोपलं आहे. तेव्हा मास्तरांनी माजघरातल्या कपाटांची दारं काढली, ती जोडून जमिनीपासून हातभर उंच एक विस्तीर्ण फळी केली आणि तिच्यावर आगगाडी बांधायला घेतली.

पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ झाले. काडेपेट्यांची घरं झाली. इंजिन सेलवर चालणारं होतं, डबे तेलाच्या रिकाम्या डब्यांच्याच पत्र्याचे. फळीच्या दोन टोकांना दोन स्टेशनं, त्यांवर सिग्नल आणि घंटा, आणि मधे एक मोठा डोंगर. त्याच्या पोटातून बोगदा. डोंगरासाठी तारेच्या जाळीवर खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवायची होती. शिष्य कागद फाडू लागला आणि थबकला. पानापानांवर गेलेल्या माणसांची छायाचित्रं होती.

"मास्तर, हे कागद नकोत."

"घरात दुसरे नाहीत. या दिवसांत वर्तमानपत्रात दुसरं काय येतं?"

डोंगर उभा राहिला. बाहेरून त्याला हिरवा रंग दिला. आतून तो तसाच राहिला. बोगद्यात डोळा लावून पाहिलं की अंधारात वरून, बाजूनं, काही उलटे, काही सुलटे चेहरे दिसत. गाडी घसरली तर सावरता यावी म्हणून मास्तरांनी डोंगराच्या पाठीला हात जाईल एवढी खिडकी ठेवली होती. तिच्यावर एक काळं फडकं सोडलं होतं.

शेवटचा डबा वेणूने पांढरा रंगवला, आईच्या गणवेशासारखा. मास्तरांनी त्याच्या पाठीला तांबडा दिवा बसवला. दिवा कसला, हरभऱ्याएवढा बल्ब. त्या डब्याला मुलं आईचा डबा म्हणू लागली.

रोज दिवेलागणीला गाडी सुटे. वेणू अलीकडच्या स्टेशनात, केदार पलीकडच्या. मास्तरांनी त्यांना एकच नियम शिकवला होता. गाडी बोगद्यातून बाहेर पडली तरी घंटा वाजवायची नाही. शेवटच्या डब्याचा दिवा डोळ्यांनी पाहायचा, मग मोठ्यानं म्हणायचं, "गाडी पूर्ण आली, लाइन मोकळी." आणि मग घंटा.

"ताई, सोड ना गाडी! तुझं स्टेशन झोपलं का?"

"तू घंटा वाजव, तोंड नको वाजवू."

इतक्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्यानं बोलत होतं.

एका संध्याकाळी गाडी बोगद्यात शिरली. चाकांचा आवाज डोंगरात गेला की खोल होई, विहिरीत बोलल्यासारखा. तो तसा झाला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तसाच राहिला. मग इंजिन बाहेर आलं, मागोमाग डबे आले, आणि दिवा आला नाही.

केदारने घंटेवरचा हात काढून घेतला. "आजोबा, आईचा डबा आत राहिला."

तो वाकला आणि बोगद्यात पाहू लागला. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. आतल्या दिव्याचा तांबूस उजेड त्याच्या गालावर पडला होता.

"आत माणसं आहेत," तो हळूच म्हणाला. "सगळी डब्याकडे बघताहेत."

"कागद आहेत ते, बाळा," शिष्य म्हणाला. पण त्यानेही वाकून पाहिलं आणि तो चटकन मागे सरला.

मास्तरांनी सिग्नल आडवा करून गाडी थांबवली. फडकं वर करून खिडकीतून हात घातला आणि डबा हळूहळू, मागच्या मागे, वेणूच्या स्टेशनात आणला. गाडीला जोडणारा त्याचा आकडा तपासला. आकडा शाबूत होता.

"सैल झाला असेल," ते म्हणाले. पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी इस्पितळातला एक माणूस आला. तो कुंपणाच्या भिंतीपलीकडेच उभा राहिला. मास्तर आणि शिष्य भिंतीपाशी गेले. तो तोंडावरच्या फडक्याआडून काही शब्द बोलला. काल दिवेलागणीला. देह मिळणार नाही. बाईंनी शेवटपर्यंत दुसऱ्यांचं केलं. एवढं सांगून तो पाठमोरा झाला, रुळांवरून चालत गेला आणि त्याच्या पुढे कावळे एकेक करून उठत गेले.

मास्तर भिंतीला हात टेकून उभे होते. काही वेळाने म्हणाले, "मुलांना कोण सांगणार? तू की मी?"

शिष्याने हात जोडले. "मास्तर, कोणीच नको. निदान साथ सरेपर्यंत. कशीबशी हसायला लागली आहेत ती. तो डोंगर बघितला ना त्यांनी? आता हे ऐकवलं तर घाबरून मरतील. माझ्यावर सोपवा. मी सांभाळतो."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. कदाचित त्या वेळी सांगायचं धैर्य त्यांच्यातही नसेल. ते म्हणाले, "बघ तर. सांभाळ."

शिष्य घरात गेला आणि हसत म्हणाला, "आईचा निरोप आलाय. बरी आहे. काम वाढलंय, म्हणून उशीर होणार."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी काही विचारलं नाही. कधी येणार, हेसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी पुन्हा पांढरा डबा आत राहिला.

शिष्य दचकला. पण त्याने ते दिसू दिलं नाही. बोगद्याच्या तोंडातून काठी सारून डबा खेचून घेतला, घाईनं गाडीला अडकवला आणि म्हणाला, "आली बघ! पूर्ण आली. वाजव घंटा, केदार."

केदारने घंटा वाजवली; ती त्या घरात कशीतरीच वाजली.

दुसऱ्या दिवशी तेच. शिष्याने आकडा बदलला. तरी तेच. त्याने आकड्याला तारेचे पीळ दिले, हिसका मारून पाहिला. संध्याकाळी गाडी आत गेली, डोंगरात चाकं अडखळली, घरघरली, आणि बाहेर आली ती तुटक्या तारेचं टोक मागे फरफटत. आत तांबडा उजेड स्थिर होता. शिष्य रोज डबा ओढून काढी, रोज "पूर्ण आली" म्हणे, आणि त्याचा आवाज रोज जरा जास्त मोठा होई. बोगद्यात काठी सारताना मात्र तो डोळे मिटून घेई.

शेवटी एके दिवशी दुपारीच तो मास्तरांसमोर उभा राहिला.

"मास्तर, हे तुम्ही करता का?"

"मी नाही."

"मग कोण करतं?"

त्या संध्याकाळी डबा आत राहिला आणि शिष्याने काठी उचलली, तेव्हा मास्तरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. दोन्ही स्टेशनांचे सिग्नल आडवे केले, सुतळीनं बांधून टाकले आणि इंजिनातले सेल काढून खिशात घातले.

"आता गाडी नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही गाडी नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मुलं आपापल्या स्टेशनाशी येऊन बसत, अंधार पडला की उठून जात. बोगद्याच्या तोंडाशी तेवढा तांबडा उजेड, दिवसेंदिवस मंद होत जाणारा. ज्या म्हाताऱ्याने नातवंडांसाठी घराची कपाटं मोडली, तोच त्यांचा एकमेव विरंगुळा अडवून बसला होता. शिष्याला ते सहन होईना.

"मास्तर, हा निर्दयपणा आहे! एक खेळण्यातला डबा. ओढून काढला की झालं. मुलांना खेळू द्या."

मास्तर त्याला फळीपाशी घेऊन गेले. वेणू आणि केदार तिथे होतीच. त्यांच्यादेखतच ते बोलले.

"अरे, गाडी समोरून जाते तेव्हा लोक इंजिनाकडे बघतात. मास्तरने शेवटच्या डब्याकडे बघायचं असतं. कारण वाटेत डबा सुटू शकतो. त्यात कोणाचा दोष असतोच असं नाही. सुटलेला डबा अंधारात उभा राहतो. तो कोणाला मारत नाही, बिचारा नुसता उभा असतो. पण दिवा न बघता मास्तरने 'गाडी पूर्ण आली' असं कळवलं, की मागच्या स्टेशनातला मास्तर त्या शब्दावर विसंबून मागची गाडी सोडतो. भरलेली, वेगात. ती जाऊन त्याच डब्यावर आदळते. अपघात डबा करत नाही रे. तो शब्द करतो."

शिष्य खाली बघत म्हणाला, "पण ती लहान आहेत, मास्तर."

"लहान आहेत म्हणूनच. त्यांच्या मागून अजून किती गाड्या यायच्या आहेत! उद्या शाळा, परवा लग्नं, मुलंबाळं. प्रत्येक गाडी याच बोगद्यातून जाणार. तू लाइन मोकळी आहे म्हणालास. मी तुला म्हणू दिलं. आता मला सिग्नल देता येत नाही."

बाहेर कुठल्यातरी रिकाम्या घराचं दार वाऱ्यानं आपटलं.

शिष्य गुडघ्यांवर बसला. डोंगराच्या एका बाजूला केदार होता, दुसऱ्या बाजूला वेणू. तिचा एक हात डोंगरामागे होता.

"वेणू, केदार," तो म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच लहान झाला होता. "तुमची आई आता येणार नाही. ती गेली. भिंतीपलीकडे जो माणूस आला होता, तो तेच सांगायला आला होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

कोणी रडलं नाही. डोंगराच्या पोटात चाकं किंचित हलली. वेणूने काळ्या फडक्याखालून आपला हात बाहेर काढला. बोटं छपाईच्या शाईनं काळी झाली होती.

"मीच डबा धरत होते. आई नसताना गाडी पूर्ण कशी म्हणायची?" ती म्हणाली. "आजोबांनी भिंतीपाशी टोपी काढली, तेव्हाच मला कळलं. आजोबा कधी टोपी काढत नाहीत."

"मलापण ठाऊक होतं," केदार शिष्याकडे बघत म्हणाला. "ताईने सांगितलं. पण दादा, तुम्ही रडाल म्हणून आम्ही बोललो नाही."

तेव्हा शिष्य खरोखरच रडला. मग मुलंही रडली, मोठ्यानं, जशी मुलांनी रडावं तशी. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते आपल्या मुलीसाठी रडले.

बऱ्याच वेळाने शिष्याने डोळे पुसत विचारलं, "वेणू, पण अगं, पहिल्या दिवशी? तेव्हा तर तो माणूस आलाच नव्हता. तेव्हा का धरलास?"

वेणूने मान हलवली. "त्या दिवशी मी नव्हता धरला. त्या दिवशी तो आपोआप राहिला."

शिष्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर डोंगराकडे बघत होते. तो प्रश्न पुन्हा कोणीही विचारला नाही.

मग चौघांनी मिळून डोंगर उचलला. कागदांचा तो डोंगर इतका हलका असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. उजेडात ते चेहरे साध्या माणसांचे निघाले: कोणाच्या कपाळावर टिकली, कोणाचा चष्मा, कोणी फोटो काढतानाही हसलेलं. केदार एकेकाकडे पाहत राहिला आणि त्याची भीती गेली. मधोमध रुळांवर पांढरा डबा उभा होता. वेणूने तो दोन्ही हातांनी, मागच्या मागे, स्टेशनाच्या कडेच्या रिकाम्या लाइनीवर नेऊन उभा केला. मास्तरांनी त्याच्या दिव्याला नवा सेल घातला. डोंगर जागेवर ठेवला, खिशातले सेल इंजिनात घातले, सिग्नलांच्या सुतळ्या सोडल्या.

गाडी सुटली. बोगद्यात शिरली, तिचा आवाज खोल झाला आणि ती बाहेर आली. केदारचा हात घंटेवर होता, पण तो गोंधळला.

"आजोबा, काय म्हणू? पूर्ण तर नाही आली."

"मग जशी आली तसं म्हण."

केदार ताठ उभा राहिला. "गाडी आली. एक डबा कमी," तो म्हणाला. क्षणभर थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "लाइन मोकळी."

घंटा वाजली. कडेच्या लाइनीवर तांबडा दिवा शांतपणे जळत होता, आणि येणारी प्रत्येक गाडी त्याच्या शेजारून, त्याला न धडकता, जात राहिली.

या दिवसांत आपल्यापैकी कितीतरी घरांत एक डबा कमी आहे. मुलांसमोर ते एकदा तरी मोठ्यानं म्हणा.