सबनीससाहेबांचा ड्रायव्हर

इस्पितळांसाठी संगणकप्रणाली बनवणाऱ्या त्या कंपनीत सबनीससाहेबांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. रुग्णाच्या नाडीयंत्राशी संगणक ज्याच्यामार्फत बोलतो, तो ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम त्यांनी बदलून लिहिला होता आणि तपासायला आला होता नव्याने लागलेल्या रेवती टिळेकरकडे.

"संगणकाने नाडी विचारली की यंत्र उत्तर देतं, तोवर संगणक थांबतो. चूक असेल तर सांगा, सगळ्यांसमोर!" भरल्या बैठकीत साहेब गरजले.

रेवती गप्पच बसली. एक मिनिट गेलं, दुसरंही गेलं.

"अहो, बोला की! किती वेळ थांबायचं मी?"

"तेच विचारायचंय, साहेब," रेवती ताडकन उठली. "यंत्र असंच गप्प बसलं, तर संगणकाने किती वेळ थांबायचं? ते तुम्ही लिहिलेलंच नाही!"

बैठकीत हशा पिकला. साहेबांनी लॅपटॉप उघडला आणि लिहिलं: दोन सेकंद.