नवीन. लावू नये.

आप्पासाहेब दिघोळकरांच्या वाहिनीचे प्रेक्षक मरायला लागले होते. म्हणजे खरोखरच. दर महिन्याला दोन-चार घरांतून फोन येई, की आजोबा गेले, आता तुमची जोडणी काढून न्या.

कृष्णाकाठच्या त्या तालुक्याच्या गावात 'पूर्वी' ही वाहिनी फक्त जुन्या मालिका दाखवायची. कोणत्या दाखवायच्या हे आप्पासाहेबांनी पंचवीस वर्षांपूर्वी, वडिलांच्या पश्चात गादीवर बसल्या बसल्या ठरवलं होतं. ते ठरलेलं ठरलं. सोमवारी सातला 'हेर हंबीरराव'. बावन्न भाग संपले की पुन्हा पहिला. हंबीररावांनी तोच चोर पंचवीस वेळा पकडला होता, आणि चोराला अजूनही शहाणपण आलं नव्हतं. जाहिराती उरल्या होत्या दोनच, कवळीची पेस्ट आणि गुडघ्याचं तेल. त्यातला तेलवालाही परवा निरोप घेऊन गेला.

गद्रे व्यवस्थापकांनी चाचरत सुचवलं, की जरा अलीकडचं काही लावून बघू या. आप्पासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि फर्मान काढलं.

"जुन्यातला एकही कार्यक्रम हलणार नाही. नवीन एकही लागणार नाही. आणि दसऱ्याच्या आत चाळिशीच्या आतला प्रेक्षक आला पाहिजे. नाही आला तर वाहिनी बंद आणि कॅसेटी भंगारात!"

गद्रे त्याच दुपारी राजीनामा देऊन मेव्हण्याच्या रसवंतीत रुजू झाले. शालन लोहार तेवढी म्हणाली, "बघते मी."

शालन कॅसेटी सांभाळायची. बावीस वर्षं तिनं त्या पुसल्या होत्या, उन्हाला दाखवल्या होत्या, तान्ह्या पोरासारख्या जपल्या होत्या. त्या भंगारात जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

पावसाळ्यात एक काम चुकवून चालत नसे. प्रत्येक कॅसेट एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवावी लागते, नाहीतर फितीला बुरशी धरते. फिरवायला वेगळं यंत्र होतं, ते यंदा मेलं. आता चालू असलेलं यंत्र एकच, आणि त्यावर लावलं की ते थेट गावभर दिसायचं. शालन आप्पासाहेबांकडे गेली. ते जेवून आडवे होण्याच्या बेतात होते. तिनं सरळ विचारलं, की दुपारी दोन ते चार पडद्यावर नुसतं जास्वंदीचं चित्र असतं, त्या वेळात कॅसेटी फिरवल्या तर चालेल का? कार्यक्रम कुठलाच हलत नाही. आप्पासाहेब जांभई देत म्हणाले, फिरव. तिनं कोपऱ्यातल्या कुलूपबंद कपाटातल्या कॅसेटींसाठी त्याची किल्लीही मागितली. बुरशीचं नाव ऐकून त्यांनी तीही काढून दिली आणि कूस बदलली.

पंधरा दिवसांनी दुपारी दिवाणखान्यातल्या हसण्यानं आप्पासाहेबांची झोप मोडली. त्यांची सून केतकी, तिच्या चार मैत्रिणी आणि सगळ्यांची पोरं टीव्हीपुढे बसली होती. पडद्यावर 'बोलकी छत्री' चालू होतं. केतकी एकेक वाक्य छत्रीच्या आधी म्हणत होती आणि डोळे पुसत होती. चौथीत असताना शाळेतून पळत यायचो हो हे बघायला, असं ती सासऱ्यांना म्हणाली. आप्पासाहेबांनी पायात चपला सरकवल्या आणि तडक कचेरी गाठली.

तिथे दोन्ही फोन वाजत होते. दप्तरवाला जाहिरात घेऊन बसला होता, त्याच्या मागे तान्ह्यांच्या लंगोटांचा कारखानदार. आप्पासाहेबांनी कोणाकडे पाहिलं नाही.

"शालन, तू नवीन लावलंस."

"न्हाई साहेब."

"त्या कपाटावर माझ्या हातची चिठ्ठी आहे. 'नवीन. लावू नये.' वाचता येतं ना?"

शालननं 'बोलकी छत्री'चा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. डब्याच्या आतल्या बाजूला अजून पांढरी बुरशी होती.

"यातली फीत पुसाय मला दोन दिस लागलं. बुरशी धरलेल्याला नवीन कसं म्हणू, साहेब?"

दप्तरवाला खोकला. आप्पासाहेब म्हणाले, की बुरशीचं काय, ती भाकरीलाही धरते. जुनं म्हणजे कसं, हंबीररावासारखं असावं. ते मुळातच जुनं होतं. त्यांच्या वडिलांच्या वेळचं अस्सल जुनं.

"मग एवढं बघून घ्या," शालन म्हणाली आणि त्यांना कपाटाशी घेऊन गेली.

यंदाच्या ओलीनं आप्पासाहेबांच्या चिठ्ठीची खळ सुटली होती. शालननं एका बोटानं ती वर उचलली. खाली आणखी एक चिठ्ठी होती, पिवळी पडलेली, वडिलांच्या वळणदार अक्षरातली. आप्पासाहेबांनी चष्मा लावला.

'नवीन. लावू नये.' आणि त्याखाली यादी. पहिलंच नाव, 'हेर हंबीरराव, भाग १ ते ५२'.

आप्पासाहेब बराच वेळ वाचत राहिले, यादी तशी छोटीच होती. शालन हळू आवाजात म्हणाली, "थोरल्या साहेबांचं कुलूप तुम्हीच उघडलंसा की. त्यांच्या लेखी हंबीरराव नवीनच हुतं. तुम्ही कितवीत हुता त्ये बघताना?"

"तिसरीत," आप्पासाहेब म्हणाले, आणि असे हसले की फोन उचलायला धावलेली पोरगीही थबकली. दप्तरवाल्याला कळेना आपण हसावं की नाही. तोही हसला.

शालनला गद्र्यांची खुर्ची मिळाली, दुप्पट पगार मिळाला आणि यंत्रही नवीन मिळालं. आणखी काही हवं का, असं आप्पासाहेबांनी विचारलं. तिनं एक रिकामं कपाट मागितलं.

"कशाला?"

"केतकीवहिनींनी औंदाच्या मालिकांचा खोका धाडलाय. नातवंडांच्या आवडीच्या म्हणत्यात."

आप्पासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी कागद घेतला, ठळक अक्षरात 'नवीन. लावू नये.' असं लिहिलं आणि स्वतःच्या हातानं नव्या कपाटाला चिकटवलं. खळ जरा पातळच ठेवली.