पालथी डोण

कोंडसावळच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, वाघजाईचं देऊळ आहे आणि देवळाच्या डाव्या अंगाला जांभ्या दगडाची एक भली मोठी डोण, पाण्याच्या कुंडीसारखी कोरलेली, पडलेली आहे. तोंड खाली, पाठ वर. नवखे लोक चौथरा समजून तिच्यावर टेकतात, मग कुणीतरी हळूच उठवतं. ती सरळ का करत नाही, असं गावात कुणालाही विचारा. तो आधी इकडेतिकडे बघेल आणि मगच सांगेल.

वैशाखी पुनवेला वरचीवाडी आणि खालचीवाडी इथे जमतात नि मेळवण करतात. मेळवण म्हणजे फळांचं सरमिसळ पन्हं. आंब्याचा रस, उकडलेल्या कैरीचा गर, रातांबे, करवंदं, बरक्या फणसाचे गरे पिळून काढलेला रस, शहाळ्याचं पाणी, वर गूळ, आलं नि वेलची. ज्याच्या घरामागच्या परड्यात जे पिकलं ते तो आणतो, म्हणून चव दर साली निराळी. दुसरीकडे पाहुण्याला आधी देतात. इथे तसं नाही. ज्याने मेळवण ढवळलं त्याने पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर पहिली करवंटी स्वतः प्यायची. बाहेरच्यांना हे उर्मटपणाचं वाटतं. गावाला मात्र त्यामागची गोष्ट ठाऊक आहे.

असं सांगतात की फार पूर्वी या दोन वाड्यांचं पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यावरून वैर पेटलं होतं. एका उन्हाळ्यात पऱ्यावर मारामारी झाली, कोयते निघाले आणि वरच्या वाडीतल्या भिवाजीचा एकुलता एक मुलगा येसू तिथेच पडला. वार कुणी केला हे खालच्या वाडीने कधी सांगितलं नाही. येसूची बायको आवडी ही खालच्याच वाडीची लेक. नवरा गेला आणि माहेर शत्रूचं झालं. पण भिवाजीने सुनेला घालवून दिलं नाही. उलट ती जेवली का, हे विचारल्याशिवाय तो पानावर बसत नसे. त्यापलीकडे मात्र तो तिच्याशी बोलत नव्हता, तिच्याशीच काय, कुणाशीच नाही.

काही सालं अशीच गेली. लग्नं अडली, शेताचे बांध पडले ते पडलेच राहिले. शेवटी देवीने कौल दिला, की वैशाखी पुनवेला दोन्ही वाड्यांनी माझ्यापुढे एका डोणीतलं मेळवण प्यावं आणि वैर संपवावं. आता ते करायचं कुणी, हा प्रश्न आला. तेव्हा भिवाजी उठला नि म्हणाला, "मी करीन." ज्याचा मुलगा गेला तोच गोडाचं करतो म्हणतोय, हे ऐकून बायामाणसांच्या डोळ्यांना पाणी आलं म्हणे. आवडीच्याही आलं. माहेरची माणसं आता पुन्हा दिसणार होती.

पुनवेच्या सकाळी भिवाजी आंघोळ करून बाहेर पडला. फळांच्या पाट्या गड्यांनी आधीच वर नेल्या होत्या. गुळाचं मडकं तेवढं त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं. उंबऱ्यात थांबून, मागे न बघताच तो म्हणाला, "आवडे, तू आज मेळवण पिऊ नको. कुणी विचारलं तर उपास आहे म्हणून सांग."

"कसला उपास, मामंजी?"

"सांगतो तेवढं कर."

आवडीला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनात येसू असेल. तिने मान डोलवली आणि ती परडं झाडायला गेली. तिथे पाटा धुऊन उन्हात उभा केलेला होता. तो तिने धुतला नव्हता. पाट्याखालच्या ओल्या मातीत काहीतरी करडा चोथा सांडला होता आणि त्यात घरची कोंबडी टोचत होती. आवडी तिला हाकलायला वाकली, तेवढ्यात कोंबडी एकाएकी ताठ झाली. पंख पसरले, मान मागे वळली, पाय थाडथाड मातीवर आपटले आणि ती निपचित पडली. आवडीने तो चोथा काडीने उकरून पाहिला. कोकणातल्या माणसाला काजऱ्याचं विषारी बी ओळखायला वैदू लागत नाही. लहानपणापासून त्या झाडाखाली खेळू नको म्हणून धपाटे खाल्लेले असतात.

उपासाचा अर्थ आता तिला कळला, आणि गुळाचं मडकं मामंजींनी स्वतः का नेलं तेही. तेव्हा इथेही पहिल्या करवंट्या पाहुण्यांच्याच असत. पाहुणे म्हणजे खालची वाडी. तिचा भाऊ जानू, त्याची बायकापोरं, आळीतल्या म्हाताऱ्या, ज्यांच्या मांडीवर ती वाढली ती सगळी माणसं.

केरसुणी तिथेच टाकून ती धावत सुटली. सड्याची वाट उभी, कातळ तापलेला, पायात काही नाही. धावता धावता ती ओरडायला तोंड उघडी आणि पुन्हा मिटून घेई. ओरडून काय सांगणार? सासऱ्याने विष घातलं म्हणून? प्रत्येक गड्याच्या कमरेला कोयता होता. तिच्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, भिवाजीचे तुकडे झाले असते, मग वरची वाडी उठली असती आणि देवळापुढे रक्ताचा सडा पडला असता. न सांगावं तर माणसं कोंबडीसारखी ताठ होणार. सांगितलं तरी मरण, नाही सांगितलं तरी मरण.

ती वर पोचली तेव्हा मेळवण तयार होतं. डोण काठोकाठ भरली होती, वर करवंदं तरंगत होती, आल्या-वेलचीचा वास सुटला होता. भिवाजी लाकडी डावाने ढवळत होता. समोर खालची वाडी पंगतीने बसलेली, सगळ्यांत पुढे त्यांचा मुख्य गुणाजी. किती सालांनी भेटणारी माणसं! कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. जानूची लहानगी धावत आली आणि आवडीच्या लुगड्याला बिलगली. "आत्या, गोड पाणी कधी देणार? मला आधी दे हां."

आवडीने पोरीला उचलून भावाच्या मांडीवर ठेवलं आणि त्याला एवढंच म्हणाली, "हिला धर. सोडू नको."

तिने सासऱ्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. हिला समजलंय, हे त्याला त्याच क्षणी समजलं असावं, कारण डाव थांबला. पण थांबला तो क्षणभरच. मग त्याने करवंटी भरली आणि गुणाजीपुढे धरली. गुणाजीने दोन्ही हात जोडून ती घेतली, कपाळाला लावली आणि ओठांकडे नेली.

आवडी मध्ये पडली नि तिने करवंटी त्याच्या हातातून काढून घेतली.

"काका, राग मानू नका," ती म्हणाली. आवाज इतका कापत होता की मागच्यांना ऐकूच गेला नाही. "मी दोन्ही वाड्यांची आहे. पहिली करवंटी माझी."

सगळे बघत राहिले. भिवाजीचा चेहरा राखेसारखा झाला. "आवडे, तुझा उपास आहे," तो म्हणाला.

"सोडला, मामंजी."

"खाली ठेव ती."

"का? तुम्हीच केलंय ना?"

आवडीने करवंटी वर उचलली. ती शूर होती असं कुणी सांगत नाही. करवंटीची कड दातांवर आपटत होती, त्याचा टकटक आवाज पुढे बसलेल्यांना ऐकू आला म्हणे. म्हातारा आता करवंटीला हात मारील, असा तिचा भरवसा होता का? तेही कुणी सांगत नाही. तिने डोळे मिटले आणि ओठांना रस लागला. आंब्याची गोडी लागली आणि तिच्या पाठून कडू.

भिवाजीने झेप घेतली. करवंटी कातळावर जाऊन फुटली. त्याने सुनेचं तोंड आपल्या पागोट्याच्या टोकाने घासून पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं, आणि "थुंक! थुंक, पोरी, थुंक!" असं ओरडत राहिला. ती थुंकली. मग तो मटकन खाली बसला.

"काजरा आहे त्यात," तो म्हणाला. "मीच घातला. तुम्ही गेल्यावर मीही पिणार होतो."

सगळे कोयते एकदम निघाले. जानू पोरीला टाकून सर्वांत आधी धावला. आवडी सासऱ्याच्या अंगावर आडवी पडली.

"दादा, आत्ता त्यानेच मला वाचवलंय! मी जिवंत आहे ना? आधी मला तोड."

जानूचा कोयता वरच्या वर राहिला. मागून वरच्या वाडीची माणसंही कोयते घेऊन पुढे सरकली. कुणी एकाने जरी हात हलवला असता, तरी आज ही गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं.

तेव्हा गुणाजी उठला. तो कोयता न काढता भिवाजीपुढे येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"भिवाजी, तुझं तू कबूल केलंस," तो म्हणाला. "आता माझं ऐक. पऱ्यावर येसूवर हात टाकला तो मी. माझ्या वाडीलाही मी सांगितलं नव्हतं. आज तुझ्या हातचं पिताना मनात तेच होतं." त्याने कमरेचा कोयता काढला आणि मुठीच्या बाजूने भिवाजीपुढे धरला. "घे."

आवडी त्या कोयत्याकडे बघत राहिली. तिच्या नवऱ्याला मारणारा हात तिच्यासमोर होता आणि कोयता तिच्या सासऱ्याच्या आवाक्यात. भिवाजीने मूठ धरली. तो बराच वेळ ती धरूनच बसला. मग त्याने कोयता डोणीच्या काठावर आपटला, पातं वाकवलं आणि आतल्या मेळवणात टाकून दिलं. "ही उलथा," तो रडत म्हणाला. "मला एकट्याला हलणार नाही."

डोण उलथायला दोन्ही वाड्यांचे हात लागले. एका वाडीला ती झेपत नव्हती. विषारी रस कातळावरून वाहून कड्याखाली गेला आणि डोण जशी पालथी पडली तशीच तिला राहू दिली.

मग पाटीत न कापलेले चार आंबे, थोडी करवंदं, एखाददुसरं शहाळं उरलं होतं ते बाहेर काढलं. भिवाजीने देवीपुढे सर्वांच्या देखत एकेक फळ कापलं, देवळातल्या घंगाळात पिळलं आणि पहिली करवंटी स्वतः प्याला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसले. देवळाची सावली पायरीवरून खाली उतरली, तरी तो बसलेलाच होता. मग गुणाजीने करवंटी घेतली. त्याचा विश्वास बसला होता असं कुणी सांगत नाही. तो भीत भीतच प्याला. त्याच्यामागून आवडी प्यायली. त्या दोघांकडे न बघता प्यायली, असं तिच्या माहेरचे सांगतात. सासरचे सांगतात की तिने दोघांकडेही पाहिलं.

आजही वैशाखी पुनवेला इथे मेळवण होतं. आता दोन्ही वाड्यांची इतकी सोयरीक झाली आहे की पाहुणा कोण आणि यजमान कोण हे ओळखू येत नाही. फळं मात्र अख्खीच आणतात आणि सर्वांसमोर कापतात. ज्याने ढवळलं तो करवंटी उचलतो, आणि आत आंबा-करवंदाशिवाय काही नाही हे पोराटोरांनाही ठाऊक असूनही, तो घोट त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत सड्यावर कुणी श्वास सोडत नाही.