खोताची डोली आणि आवडाचं घर

कोकणातल्या एका गावात धाकू सुतारानं घर बांधलं, ते पुढचं सगळं ओळखून. जमीन खोताची, आणि खोताची नियत साऱ्या गावाला ठाऊक. म्हणून धाकूनं कुठं खिळा ठोकला नाही की चुना लावला नाही. सागाचे खांब दगडांवर नुसते टेकवले आणि सारा सांगाडा लाकडी खुंट्यांनी जोडला.

पुढं धाकू वारला. त्याचं कार्य उरकतं न उरकतं तोच विसाजीपंत खोतांनी त्याच्या बायकोला, आवडाला, देवळापुढं बोलावलं. डोलीतून उतरता उतरताच ते म्हणाले, "जागा खाली कर. घराला मात्र हात लावायचा नाही. जमिनीवर जे उभं, ते जमिनीच्या मालकाचं."

सारं गाव माना खाली घालून ऐकत होतं. आवडानं आवाज न चढवता विचारलं,

"पंत, हे अंगण कुणाचं?"

"देवाचं. का?"

"मग तुमची डोली इथंच ठेवून जा. देवाच्या जमिनीवर उभी आहे."

पंत उसळले. "अगं मूर्ख बाई, डोली मी आणली, मीच उचलून नेणार. ती काय जमिनीत रुजलीय?"

"माझंही घर रुजलेलं नाही, पंत. खुंट्या काढते आणि उचलून नेते."

देवासमोर बोललेला शब्द पंतांना गिळता येईना. ते परत डोलीत बसले.

खाडीपलीकडं माहेरी न्यायला घराचे वासे होडीत चढले, तेव्हा शेजारीण म्हणाली, "जिंकलीस गं!"

आवडा मागं वळून रिकाम्या जागेतल्या विहिरीकडं बघत होती. धाकूनं ती एकट्यानं खणली होती.

"घर जिंकलं," ती म्हणाली. "पाणी उद्यापासून खोतच पिणार."