कुंपण नसलेली बाग

एकदा काय झालं, समुद्रापलीकडे रोम नावाच्या मोठ्या शहरात दोघं बहीणभाऊ राहायचे. ताईचं नाव मिर्टो, धाकट्याचं फायलो. लांबच्या ग्रीक डोंगरातून ती पोट भरायला तिथे आली होती. काम काय करायची? श्रीमंतांच्या भिंतींवर बागा रंगवायची.

त्या शहरात जिकडेतिकडे दगड, बरं का. जन्मात शेळी न पाळलेली माणसं म्हणायची, "आमच्या खोलीत कुरण काढा, झरा काढा, शेळ्या काढा." ताई हसून म्हणायची, "शेळ्यांचा वास मागत नाहीत हे नशीब!"

कामाची रीत अशी. भिंतीला ओला चुना लावायचा आणि तो वाळायच्या आत रंगवायचं. पण सगळ्यात आधी अगदी खाली एक बुटकं कुंपण काढायचं. ताई बजावायची, "आपण कुंपणाच्या अलीकडचे. आधी कुंपण, मग झाडं."

मग एका वर्षी तापाची साथ आली आणि ताई गेली.

फायलो रडला नाही. तो भांडला. वैद्याशी भांडला, शेजाऱ्यांशी भांडला, देवाशीसुद्धा भांडला. मग काल्व्हिया नावाच्या एका म्हाताऱ्या बाईनं त्याला बाग रंगवायला बोलावलं. तिच्या खोलीला खिडकीच नव्हती. फायलोनं सकाळी दार लावून घेतलं, भिंतीला चुना फासला आणि म्हणाला, "आज कुंपण नाही. मला आत जायचंय."

आधी त्यानं गावचा चिनार काढला. काढला आणि काय! जमिनीवर गार सावली पडली. मग त्यानं झरा काढला, तर त्याची पावलं भिजली. मग म्हणाला, आता वारा हवा. पण वारा काढायचा कसा? त्यानं गवताचं एकेक पातं एकाच बाजूला वाकवलं. आणि आला की वारा! आणि चिनाराखाली कोण बसलेलं? ताई!

अडवायला कुंपण नव्हतंच. फायलो उडी मारून आत.

"आलास? पाय तरी पुसायचे," ताई म्हणाली. मग तिनं बाग नीट बघितली. "हे काय रे? एकाच फांदीला फुलं पण आणि पिकलेली डाळिंबं पण? आणि आपल्या झऱ्याला एवढं पाणी कधी होतं? उन्हाळ्यात घागर घेऊन पार खाली उतरायचो. तू वाटभर रडायचास."

"मला असंच आठवतं," फायलो म्हणाला. "मी आता इथेच राहणार."

तेवढ्यात त्याची बोटं ताठ झाली. चुना वाळायला लागला होता.

"फायलो, ऊठ! भिंत वाळली की आतलं आतच राहतं. इथे भूक नाही, झोप नाही. तू कधी मोठा होणार नाहीस."

"नकोच मला मोठं व्हायला."

"गाढवा, मला हवंय!" ताई ओरडली. "म्हातारं व्हायचं माझं राहून गेलं. तू तरी हो!"

तिनं त्याचा कान धरला, ओढत ओढत त्याला काठाशी नेलं आणि दिलं ढकलून. फायलो फरशीवर आपटला. उठून पुन्हा धावतो, तर ताईनं आतूनच त्याचा कुंचला घेतलेला आणि ती भराभर कुंपण काढत होती.

"ताई, एक फट ठेव ना गं."

"एकही नाही."

कुंपणाची शेवटची काडी काढून झाली आणि भिंत वाळली. वारा थांबला.

मग दार उघडून काल्व्हियाबाई आत आल्या. भिंतीकडे बघत राहिल्या. "बाग सुंदर झालीये. पण कुंपण काढणारा हात वेगळा दिसतो. कोणाचा?"

"माझ्या ताईचा," फायलो म्हणाला आणि तेव्हा कुठे तो रडला. खूप रडला.

बाईंनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, "जेवलास का रे?"

"नाही," तो म्हणाला. "खूप भूक लागलीये."

बाईंनी भाकरी आणि चीज आणलं. त्यानं सगळं संपवलं, वर आणखी मागितलं.

मग फायलोचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. केस पिकले, दात पडले, पाठ वाकली. अगदी छान म्हातारा झाला तो. तुम्हीही सगळे असेच म्हातारे व्हा. पण आत्ता डोळे मिटून झोपा बघू.