बोरमाळची हाक

विद्यापीठाच्या फाटकाशी गाडी थांबते, पोरं उतरतात, तरी कंडक्टर लगेच घंटी ओढत नाही. आधी दारात उभा राहून हाक देतो, "बोरमाळ! बोरमाळचं कुणी आहे का?" बोरमाळ नावाचं गाव आता कुठेच नाही. नवी पोरं हसतात. जुनी माणसं हसत नाहीत, आणि पाहुण्यांनी विचारलंच तर तान्हुबाईची कथा सांगतात.

आज जिथे ग्रंथालय आहे तिथे म्हणे बोरमाळ होतं. वसतिगृहांच्या जागी खळी होती, प्रयोगशाळांखाली गुरांची पाणंद गेली. विद्यापीठासाठी गाव उठलं, सगळे नव्या वसाहतीत गेले, पण तान्हुबाई हलेना. तिचा एकुलता एक गेनू बंदरावर हमालीला गेलेला, आणि त्याला अक्षरओळख नव्हती. निघताना तिने बजावलं होतं, "वाट चुकलास तर गावाचं नाव इचार. कुणीबी आणून सोडंल." आता तो आला आणि घरच दिसलं नाही तर? या धास्तीने तिला अन्न गोड लागेना. पाडणारी माणसं आली तेव्हा ती उंबरठ्यावर बसली ती उठेचना.

बांधकामावरचे साहेब मनाने चांगले होते, असं सांगतात. उंबरठा हलणार नाही, असा शब्द त्यांनी दिला आणि पाळलाही. इमारतच मागे सरकवली. उंबऱ्याचा दगड अंगणात राहिला. तान्हुबाई वसाहतीतून रोज येऊन त्यावर बसायची. आल्या लेकरावरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या जवळ असायचा. इमारतीमागून इमारत उठत गेली. दगड राखला म्हणून सगळे निर्धास्त होते. थांब्यावरची पाटी मात्र बदलली, 'बोरमाळ' पुसून 'विद्यापीठ' लिहिलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तान्हुबाईला तर वाचताच येत नव्हतं.

एका उन्हाळ्यात, खांद्यावर बोचकं घेतलेल्या एका माणसाने गाडीत बोरमाळचं तिकीट मागितलं. कंडक्टर नवा होता. असं गाव या रस्त्याला नाही, असं त्याने सांगून टाकलं. माणूस खिडकीबाहेर बघत बसला. इमारती आल्या, मागे गेल्या, त्याला एकही ओळखीची वाटली नाही. शेवटच्या थांब्यावर तो उतरला. "गावच नाही, म्हणजे आई गेली," एवढं बोलून चालू लागला.

पुढे थांब्यावर एका म्हातारीने त्याच कंडक्टरला विचारलं, बोरमाळचं कुणी आलं होतं का? त्याने सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही म्हणे. तांब्यातलं पाणी तिने उंबऱ्याच्या दगडावर ओतलं आणि दुसऱ्या दिवसापासून थांब्यावर येऊन बसू लागली. गाडी आली की उठायची आणि दारात तोंड घालून गावाचं नाव पुकारायची. त्या थांब्यावरच ती गेली. त्यानंतरच्या पहिल्या गाडीला ती हाक त्या कंडक्टरने दिली, आणि पुढे तो रिवाजच पडला.

गेनू असलाच तर आता शंभरीला टेकला असेल. पण हाक मारणाऱ्याने वय मोजायचं नसतं. आजही फाटकाशी हाक होते, आणि कुणी उठतंय का, ते कंडक्टर नीट बघून घेतो. कुणी उठत नाही. मग घंटी वाजते आणि गाडी पुढे जाते.