मामांच्या सायकलीला नवा गिअर

एका गावात एक भोळा जावई होता. त्याचं नाव तवनाप्पा. सांगाल ते तो ऐकायचा. सांगाल तेवढंच ऐकायचा. आणि एकदा ऐकलेलं कधी विसरायचा नाही, खरी पंचाईत तिथंच होती.

त्याचे सासरे आदगोंडा शेजारच्या गावचे. तरुणपणी सायकलच्या शर्यतीत त्यांच्यापुढं कुणाचा टिकाव लागत नसे. हिरवी, वाकड्या हँडलची, लोखंडी रेसर सायकल होती त्यांची. दर जत्रेला आदगोंडा पहिले यायचे आणि त्यांच्याच गल्लीतले रंगराव दुसरे. रंगरावांनी उभी तरुणाई त्या सायकलीच्या मागच्या चाकाकडं बघण्यात घालवली. दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद होतं.

यंदा जत्रेच्या कमिटीनं ठरवलं, शर्यतीआधी मानाची फेरी आदगोंडांनी मारायची, आपल्या त्याच सायकलीवर. म्हातारा हरखून गेला. रंगरावाला पुन्हा एकदा मागचं चाक दाखवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण सायकल जुनी, गावाबाहेरचा चढ खडा. तेव्हा सांगाडा तोच ठेवून तिला नवा गिअर, नवी साखळी आणि नवे ब्रेक बसवायचं ठरलं.

"हे काम आमच्याकडं द्या," आदगोंडांची धाकटी लेक सुगंधा म्हणाली. म्हणजे तवनाप्पाची बायको.

आदगोंडांनी जावयाकडं पाहिलं. मग सायकलीकडं पाहिलं. लेकीपुढं त्यांचं काही चालत नसे.

वाटेत सुगंधा नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझ्या माहेरी आजवर कुणी तुम्हाला शाब्बास म्हटलं नाही. मला लई लागतं ते. एवढं काम धड करा. मिस्त्री सांगतील तसंच करा."

"तसंच करतो," तवनाप्पा म्हणाला. त्यालाही ते लागत होतं. सासऱ्यांच्या तोंडून एक शाब्बास ऐकायला तो काहीही करायला तयार होता.

तालुक्याच्या गावी इलाही मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांनी सायकल खोलली, भाग पसरले आणि रॉकेलचं घमेलं पुढं सरकवलं.

"हे बघ, भाग कुठलाबी असू दे. बसवायच्या आधी रॉकेलात बुडवायचा आणि खळखळून धुवायचा. मी जेवून येतो."

चाचा जेवून आले. सगळे भाग लखलखीत होते. चाचांनी ब्रेक बसवले, चक्कर मारायला सायकल काढली आणि उतारावर ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. पुन्हा दाबला. सायकलीनं वेग घेतला. चाचा समोरच्या कांद्याच्या ढिगात थांबले.

"आरं, ब्रेकची नवी रबरं रॉकेलात बुडवलीस?"

"कुठलाबी भाग म्हणालात, चाचा."

"ब्रेक कोरडा पाहिजे, बाबा. हाताला तेलकट लागता कामा नये. कापडानं पुसायचं, वर राख चोळायची, खडखडीत कोरडा करायचा."

"असं सांगा की," तवनाप्पा म्हणाला. "आता नाही चुकायचं."

दुसऱ्या दिवशी नवी साखळी आली. तवनाप्पानं पुडकं फोडलं. साखळी कारखान्यातूनच तेलकट आलेली. कारखानदाराच्या निष्काळजीपणाचं त्याला नवल वाटलं. त्यानं ती कापडानं पुसली, चुलीतली राख आणून कडी न् कडी घासली आणि पत्र्यावर उन्हात वाळत घातली. चाचांनी साखळी चढवून पायडल फिरवलं. असा करकराट झाला की कांदेवाल्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आरं, साखळीला राख?"

"खडखडीत कोरडी केलीय, चाचा."

"ते ब्रेकचं झालं. साखळीला तेल लागतं. इतकं सोपं आहे, बघ. करकर ऐकू आली की तेल सोडायचं."

"असं सांगा की. आता नाही चुकायचं."

चाचांनी पदरचं तेल घालून साखळी वाचवली. मग नवा गिअर बसवला. सायकल कशी झाली आहे हे पाहायला ते वर बसले, तर खालचं जुनं चामड्याचं सीट करकरलं. चाचा हवेचा पंप आणायला आत गेले. तवनाप्पानं कान टवकारले होतेच. त्यानं तेलाची बुदली उचलली आणि सगळी सीटवर ओतली.

चाचा परत आले, सायकलीवर बसले, निघाले. कोपऱ्यावर सायकल वळली. चाचा सरळ गेले.

ते कांद्याच्या ढिगातून बराच वेळ उठले नाहीत. कांदेवाला म्हणाला, "चाचा, आता जागा राखूनच ठेवतो तुमच्यासाठी." चाचा ओरडले नाहीत. त्यांचं ओरडायचं वय संपलं होतं. पडल्या पडल्याच ते शांतपणे म्हणाले, "तवनाप्पा, नीट ऐक. भाग म्हातारा झाला, तेलानं भागत नसलं, की उतरवायचा. नमुना म्हणून बरोबर घ्यायचा. हलवून, दाबून, मापाला माप लावून तसाच नवा, बिनआवाजाचा शोधायचा. तो बसवायचा. आणि जुना टाकायचा नाही, जपून ठेवायचा. पुढं नमुन्याला लागतो."

आणि काय नवल, तवनाप्पानं अगदी तसंच केलं. जुनं सीट काखेत मारून तो गावातली सगळी दुकानं हिंडला. प्रत्येक सीट दाबलं, हलवलं, कान लावून ऐकलं. शेवटी बरोबर मापाचं नवं सीट आणलं. ते पहिल्या झटक्यात बसलं. जुनं त्यानं कापडात गुंडाळून ठेवलं.

"आता शिकलास, बघ," चाचा म्हणाले. आपण शिकलो हे ऐकून तवनाप्पाचा ऊर भरून आला.

जत्रेच्या दिवशी त्यानं सायकल सासऱ्यांपुढं उभी केली. आदगोंडांनी तिच्यावरून हात फिरवला. सांगाडा तोच, हिरवा. गिअर लोण्यासारखा पडत होता. ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी. साखळीचा आवाज नाही. म्हाताऱ्याचे डोळे पाणावले.

"जावईबापू," ते म्हणाले, "फेरी मारून येतो. मग बोलतो तुमच्याशी."

तवनाप्पाला कळलं, शाब्बास आता एका फेरीवर आली आहे.

आदगोंडांनी फेटा सारखा केला, धोतर खोचलं आणि सायकलीवर टांग टाकली.

कर्र.

तवनाप्पानं कान टवकारले. त्यानं साखळी पाहिली. साखळी गप्प होती. सीट हलवलं. सीट गप्प होतं. आदगोंडांनी दुसरा पाय पायडलवर ठेवला. कर्र. आवाज गुडघ्यातून येत होता. तवनाप्पानं बरोबर आणलेली तेलाची बुदली काढून धोतरावरून दोन्ही गुडघ्यांवर तेल सोडलं आणि गुडघे हलवून पाहिले. कर्र, कर्र.

तेलानं भागत नव्हतं. भाग म्हातारा झाला होता.

"जावईबापू, काय करताय?"

"मामा, घाबरू नका. हे मला आता जमतं," तवनाप्पा म्हणाला. त्यानं सासऱ्यांना अलगद उतरवलं, खांद्यावर घेतलं आणि तो मंडपात शिरला. तिथं पंचक्रोशीतले म्हातारे फेटे बांधून ओळीनं बसले होते.

त्यानं पहिल्याचा गुडघा हलवला. कट्ट. दुसऱ्याचा हलवला. कर्र. तिसऱ्याचा गुडघा गप्प होता, पण तो आदगोंडांच्या दुप्पट रुंद. खांद्यावरून आदगोंडा, "अरे सोड, अरे सोड," म्हणत होते. पण बाहेर हलगी कडाडत होती. चौथ्याची उंची तीच, बांधा तोच. तवनाप्पानं त्याला दोनदा उठबस करायला लावली. कसलाही आवाज नाही. कान लावून ऐकलं. तरीही नाही.

"तात्या, सायकलीवर बसता का?"

चौथे म्हणजे रंगराव. त्यांनी खांद्यावरच्या आदगोंडांकडं पाहिलं. बाहेरच्या हिरव्या सायकलीकडं पाहिलं.

"बसतो की," ते म्हणाले.

आदगोंडांना एका खुर्चीत नीट ठेवून तवनाप्पानं नवा भाग सायकलीवर चढवला. रंगराव निघाले. लाउडस्पीकर म्हणाला, मानाची फेरी सुरू झाली आहे. चढ आला. रंगरावांनी गिअर टाकला आणि चढ असा गिळला की अख्खी जत्रा टाळ्या पिटू लागली. कमिटीनं हार घातला. रंगराव हार मिरवत मंडपासमोरून पुन्हा एकदा गेले. खुर्चीतल्या आदगोंडांना सायकलीचं मागचं चाक छान दिसलं.

गर्दीतून सुगंधा धावत आली.

"अहो, सायकलीवर रंगरावतात्या कसे? आबा कुठं आहेत?"

"मापात बसले की नाही, बघ," तवनाप्पा म्हणाला. आनंदानं त्याचे डोळे भरले होते. "जरासुद्धा करकर नाही."

"पण आबा कुठं आहेत?"

"टाकले नाहीत गं," तवनाप्पा म्हणाला. "कापडात गुंडाळून मंडपात ठेवलेत. पुढच्या जत्रेला नमुना लागेल."